पौडचा औषधाचा पेला

मला पणती झाली. दिव्याची नव्हे, माणसाची! माझ्या थोरल्या नातीला, सोनलला, मुलगी झाली आणि मी पणजी झाले. आणि तिच्या नामकरणाला दोन आठवडे राहिले असताना आमच्या घरच्या पेल्याला तडा गेला. म्हणून आम्ही पौडला गेलो. आता बारसं कुठं, पेला कुठं आणि पौड कुठं, असं वाटेल तुम्हाला. जरा दम धरा, प्रवासवर्णनच आहे हे, पण निघण्याआधी सामान तर बांधायला पाहिजे ना.

हा पेला माझ्या सासूबाईंचा. त्यांना आम्ही आत्या म्हणायचो. चार बोटं उंच, जाड हिरवट काच, अंगावर उभ्या पन्हळी, आणि तळाला बोटभर नुसती काचच काच. दिसायला भरलेला दिसतो, मावतं मात्र अगदी थोडं. उजेडाकडं धरला की काचेत बारीक बुडबुडे दिसतात, जणू आत कुणीतरी श्वास सोडलाय. घरात मूल जन्मलं की नामकरणाच्या दिवशी पहिला थेंब ह्या पेल्यातनं. माझी तिन्ही पोरं, त्यांची पोरं, सगळी ह्यातनं प्यायली. आत्या म्हणायच्या, "पौडचा औषधाचा पेला हाय. ह्यातनं प्यायलेलं लेकरू वाया जात न्हाई." कसलं औषध, कुणी दिलं, काही नाही. विचारलं की म्हणायच्या, "औषधाचा पेला हाय," आणि कामाला लागायच्या.

तर सोनलचा नवरा अमोल. गुणी पोरगा. बाळाच्या बाटल्या उकळतो तसा त्यानं हौसेनं पेलाही उकळत्या पाण्यात सोडला. टक्! वरपासून तळापर्यंत तडा. बिचारा इतका रडवेला झाला की मलाच त्याला चहा करून द्यावा लागला. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलेलं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही. तेव्हा आमचं ठरलं होतं की आईच्याच दुधाचा एक थेंब पेल्यातनं ओठाला लावायचा. आता तोही लावता येईना. काचेचा कण गेला पोटात तर?

मी दोन दिवस गप्प होते. मी गप्प बसले की आमच्या घरात सगळ्यांना ताप आल्यासारखं वाटतं. मग धाकटी नात प्राजू, हिंजवडीत कामाला आहे ती, फोन घेऊन धावत आली. तिच्या ऑफिसातली मुलं ताम्हिणीला गेली होती, येताना पौडला कुणाकडं तरी जेवली, आणि तिथल्या फळीवरच्या जुन्या काचसामानाचे फोटो टाकले होते. "आजी, हा बघ. तुझा पेला!"

अगं बाई! एक नाही, चार! माझ्याच पेल्याचे भाऊ ओळीत उभे.

"उद्या जायचं," मी म्हटलं.

"आजी, उद्या मला मीटिंग आहे."

"मग मीटिंगला सांग, आजीला जायचंय."

शेवटी शनिवारी निघालो. खडकीहून औंध, पाषाण, चांदणी चौक, मग भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड. लवकर निघा बायांनो. भूगावला गाड्या अशा अडकतात की शेजारच्या गाडीतल्या बाईशी माझी ओळख झाली, तिच्या सुनेचं माहेरही कळलं, तरी सिग्नल सुटेना. गाडी नसेल तर कोथरूडकडनं पौडला बस मिळते, पण बसायला जागा पाहिजे तर सकाळचीच पकडा. पिरंगुटचा घाट उतरल्यावर एका टपरीवर कांदाभजी आणि चहा घेतला. भजी कुरकुरीत, चहा साखरेचा पाक. तो टपरीवाला विचारतो, "लवासाला का आजी?" मी म्हटलं, "न्हाई बाबा, पेल्याला." त्याला वाटलं मी पेग म्हणतेय. प्राजू इतकी हसली की तिच्या नाकातनं चहा आला.

दिवाळी होऊन गेलेली, भात कापून झालेलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी खळी, बायका भाताच्या पेंढ्या फळीवर आपटत होत्या, आणि पेंढ्याचा तो गोडसर वास. गाडीच्या काचा लावून एसीत जाऊ नका ह्या रस्त्याला. फुकटचा वास आहे, घ्या.

पौडला आधी नदी बघितली. मुळा. ही आमचीच नदी बरं का. आमच्या खडकीच्या पुलाखालनं जाते ती हीच, पण तिथं येईपर्यंत तिची काय दशा होते ते सांगत नाही, तिला लाज वाटेल. इथं मात्र पाण्यात तळाचे दगड दिसत होते. पौड हे माझं सासर, पण मी इथं कधी नांदले नाही. माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधी मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात काम लागलं आणि घर उचलून तिकडं गेलं. आमचे हे तेव्हा लहानच. हेही आता नाहीत. मी नदीला हात लावला, थोडं पाणी डोळ्याला लावलं आणि म्हटलं, चला, पेला बघू.

ज्यांच्याकडं पेले होते त्यांचं नाव विलासराव. माझ्याच वयाचे, जमीनवाले, थोडी जमीन विकून मागं खोल्या बांधल्यात. खोलीचं भाडं माफक, दोन्ही वेळचं जेवण त्यातच धरलेलं, गादी मऊ, गरम पाणी चुलीवरचं. आयुष्यभर दुधाचा टेम्पो चालवला त्यांनी, आणि घरोघरी दूध घालता घालता जुन्या बाटल्या मागून आणल्या. पडवीभर फळ्या आणि फळ्यांवर काच. सकाळचं ऊन त्यातनं भिंतीवर पडलेलं, हिरवं, निळं, तपकिरी. मी दारातच उभी राहिले. जत्रेत पहिल्यांदा गेलेल्या पोरीसारखं झालं मला.

"या ताई, या. काय बघायचंय? सोडा, औषध का दारू?" असं विचारलं त्यांनी. जसं काही आम्ही प्यायलाच आलोय.

मग एकेक दाखवायला लागले. गोटीसोड्याच्या बाटल्या, मानेत दाबल्यासारख्या, आत काचेची गोटी खुळखुळतेय. "ह्या मिळत न्हाईत सहज. गोटीपायी पोरांनी सगळ्या फोडल्या." धरणाचं काम चाललं तेव्हा साहेबांनी रिकाम्या करून टाकलेल्या चौकोनी बाटल्या. बायकांनी त्यात रॉकेल भरलं, झाकणाला भोक पाडून वात घातली, झाली चिमणी. लोणच्याच्या बरण्या, तेलाचा काचेचा बुदला. आणि एका खिळ्याला सायकलची जुनी ट्यूब लटकलेली.

"ही कशाला ठेवलीय काका?" प्राजूनं विचारलं.

"ही आमच्या गावची सगळ्यात मोठी बाटली! दारूबंदी होती तवा ह्यात भरून, खांद्याला अडकवून माल यायचा. वाटेत कुणी हटकलं तर म्हणायचं, पंक्चर काढायला चाललोय."

"चव कशी लागत असेल!"

"रबराची. पर पिणाऱ्याला चव कुठली लागतीया?" मग ते रस्त्याकडं हात करून म्हणाले, "आताचं बघा की. रविवारी ताम्हिणीत जातात आणि बाटल्या फोडून येतात. पोत्यानं काच निघती. ती कोण मांडून ठेवणार?" तेव्हा तिकडं जाणाऱ्यांनो, आजीचं एक ऐका, बाटली नेलीत तर परतही आणा.

मग आला पेला. चार सारखे ओळीत, आणि वरच्या फळीवर एकटा पाचवा. मी पिशवीतनं माझा तडकलेला काढला, शेजारी ठेवला. तोच! तीच पन्हळ, तोच तळ. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, वाजवल्याही. आणि मग खालची चिठ्ठी वाचली. मी चौथी शिकलेली, एकेक अक्षर लावून वाचते, पण वाचते. "गुत्त्यातला नौटाकचा पेला."

"हे चुकलंय तुमचं," मी म्हटलं. "हा औषधाचा पेला आहे. लेकरांचा."

विलासराव हसले. "ताई, मलाबी सगळ्या घरांत हेच सांगितलं. औषधाचा, औषधाचा. अहो, नौटाकचा पेला हाय ह्यो. गुत्त्यात नौटाकभर, म्हंजी अर्धा पाव, दारू मागायची, ती मालक ह्यातनं द्यायचा. तळाला बोटभर काच कशाला? गिऱ्हाइकाला भरलेला दिसावा आणि मालकाची वाचावी म्हणून. औषध देताना कुणी असं फसवतंय का?"

आमच्या घरात पंचशील घेतलेलं, दारूला शिवायचं नाही. आमच्या आत्या तर अशा, की खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगायच्या, जरा वास आला की दुकानदाराच्या हातात परत. त्या बाईनं गुत्त्याचा पेला घरात ठेवला? आणि आमच्या लेकरांच्या तोंडाला लावला?

"पणजोबांनी ढापला असेल गं," प्राजू हळूच म्हणाली.

"गप. मामंजी फक्त चहा प्यायचे." पण माझंच मन खट्टू झालं. एवढी लांब आले, पेले मिळाले, आणि आता ते न्यायचे कसे? विहारात बाळाला मांडीवर घेऊन त्याच्या ओठाला गुत्ता लावायचा? मी विलासरावांना म्हटलं, "राहू द्या. मला नको." आणि माझा तडकलेला परत पिशवीत घातला.

तेवढ्यात आतनं आवाज आला. "कोण हाय गं ती? कुणाची तू?"

विलासरावांच्या आई, यमुनाआक्का. नव्वदीला टेकलेल्या, भिंतीला धरून बाहेर आल्या. कान तिखट, डोळे अधू. मी नाव सांगितलं, सासऱ्यांचं सांगितलं, खडकीचं सांगितलं. ओळख पटेना. मग म्हटलं, "सरूबाईंची सून."

"सरी? खालच्या पाणोठ्यावरची सरी?" म्हातारीनं माझं मनगटच धरलं. "आगं, मग हितं उभी काय करतीस? बस की! इल्या, चा सांग. सरीची सून आली!" सत्तरीचा माणूस इल्या झालेला बघून प्राजूला हसू आवरेना.

मी पिशवीतनं पेला काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटांनी पन्हळी चाचपल्या. मी विचारलं, "आक्का, खरं सांगा. हा दारूचा का औषधाचा?"

म्हातारी अशी हसली की तिचा एकुलता दात मला दिसला. "दोनीबी," म्हणाली.

आणि मग तिथं पडवीत, काचेतनं पडलेल्या हिरव्या उन्हात बसून त्यांनी सांगितलं ते मी जसं आठवतंय तसं लिहिते.

तेव्हा दारूबंदी होती, पण नुसती कागदावर. नदीच्या वाटेला एक दुकान होतं, पुढं गोटीसोडा आणि मागं गुत्ता. बाजारच्या दिवशी पुरुषांची मजुरी तिथंच जिरायची. "आणि तुझा सासरा," आक्का म्हणाल्या, "त्यो तर गुत्त्याचा जावई व्हता!"

"मामंजी?"

"तर! रोज मानपान."

नदीवर पाणोठे दोन. वरचा आक्कांच्या लोकांचा, खालचा आमचा. वरचं पाणी वापरून खाली येणार, खालचं वर जाणार नाही, अशी रीत. पण आवाजाला कुठला पाणोठा? आमच्या आत्यांचा आवाज मोठा. त्या खालनं कपडे आपटता आपटता वरच्या बायकांशी बोलायच्या. एक दिवस त्या खालनं ओरडल्या, "बाटल्या फोडून काय व्हनार? उद्या नव्या येतील. पेलं उचला! प्यायचं कशातनं, ते बघू."

आणि गेल्या की सगळ्या! दोन्ही पाणोठ्यांवरच्या. भर दुपारी, गुत्त्यात कुणी नसताना. शिवी नाही, फोडाफोडी नाही. प्रत्येकीनं एक पेला उचलला, ओच्यात खोचला आणि घरचा रस्ता धरला. मालक नुसता बघत राहिला. यमुनाआक्का तेव्हा नवी सून, कडेवर हे विलासराव.

"मंग त्यो गेला चौकीवर," आक्का सांगत होत्या. "पर सांगतोय काय? दारूचं पेलं गेलं म्हनलं तर त्योच आत. म्हनला, सोड्याचं पेलं चोरीला गेलं. सरीला ठावंच व्हतं ह्ये. तिनं आदीच सांगून ठिवलेलं. फौजदार दारात आला की पोर मांडीवर घ्यायचं, पेला तोंडाला लावायचा आणि म्हनायचं..."

"औषधाचा पेला हाय," मी म्हटलं. माझ्या तोंडातनं आपोआप निघालं.

"आस्सं! सगळ्यांनी येकच. फौजदार घर-घर फिरला, घर-घर पोर आजारी! तुमच्या आळीत सरीचा पोरगा चांगला तीन-चार वर्साचा, धट्टाकट्टा. सरीनं त्येला मांडीवर आडवा घातला, आणि नुसतं पानी दिलं तर खोटं वाटंल म्हनून कडुलिंबाचा रस वतला. पोरगं बोंबलतंय, 'मला काय झालं न्हाई! मला बरं हाय!' आणि सरी म्हनतीया, तापात बडबडतोय, सायेब."

तो पोरगा म्हणजे आमचे हे. अहो, कडुलिंबाचं नुसतं नाव काढलं तरी हे घरातनं उठून जायचे! पाडव्याला सगळी गल्ली कडुलिंब खायची आणि हे दाराला कडी लावून बसायचे. जन्मभर मी त्यांना त्यावरनं चिडवलं. मी हसत होते आणि डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, आणि प्राजू मला पाणी देऊ का रुमाल देऊ ह्या गोंधळात.

"मंग आला आमच्या दारात," आक्कांनी वरच्या फळीकडं हात केला. "इल्या, त्यो काढ."

विलासरावांनी वरचा एकटा पेला काढला. बाकी सगळं तसंच, फक्त तळाच्या कडेला कानशीनं घातलेली एक खाच. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं, "खाच आहे. कारण समजले नाही."

आक्कांनी खाचेवरनं बोट फिरवलं. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नगंस. गुत्त्यात पेलंबी दोन व्हतं. आतलं आणि भायेरचं. तुमच्या मान्सांना भायेरच्या फळीवर. वळखाया खाच."

प्राजूचा चेहरा उतरला. मला नवल नाही वाटलं. पाणोठे दोन, तर पेले दोन असणारच.

"त्या गडबडीत कुनी बघितलं गं आतलं का भायेरचं? सरीच्या हाताला आतला लागला आणि माझ्या सासूच्या हाताला भायेरचा. फौजदारासंगं त्यो मालक. त्येनं सासूच्या हातातला पेला वळखला. म्हनला, 'खाच बगा सायेब! ह्यो भायेरच्यांचा हाय. इचारा म्हातारीला, ह्यातनं पाजती का नातवाला?' त्येला वाटलं, म्हातारी पेला टाकून देनार. सासूनं खाच बघितली. माझ्याकडं बघितलं. आणि ह्येला, ह्या इल्याला मांडीवर घिऊन पाजलं. वर सोता दोन घोट प्याली आणि म्हनली, 'औषधाचा पेला हाय.'"

"आणि फौजदार?" प्राजूनं विचारलं.

"त्येनं मालकाला इचारलं, 'भायेरचा म्हंजी रे? वेगळं पेलं ठेवतोस व्हय?' त्योबी गुन्हाच की! मालकाची दातखीळ बसली. फौजदार गेला तसाच."

विलासराव पेला हातात घेऊन उभे होते. "म्हंजी आई, मी ह्यातनं..."

"तू त्यातनंच मोठा झालायस, घोड्या. तुझी पोरंबी. तू इचारलंस कधी? चिठ्ठ्या लिवत बसलास."

"तुमच्या सासूबाई मोठ्या धीराच्या," मी म्हटलं.

"धीराच्या कसल्या! नंतर आठ दीस चुळा भरत व्हती. पर पेला टाकला न्हाई." आक्का पुन्हा हसल्या. गुत्ता काही कायमचा बंद झाला नाही, हेही त्यांनी सांगितलं. काही दिवस करवंटीतनं पाजली, गिऱ्हाईक लाजलं, मग मालक नदीपलीकडं गेला. पण मामंजींची सुटली. कशी, मी विचारलं. "घरात त्योच पेला लेकराच्या तोंडाला लागाया लागला ना बाई. मंग त्यात कसं प्यायचं?"

तर दारू सुटली आणि मामंजी दारूगोळ्यात गेले, असं आमच्या घराण्याचं आहे.

दुपारी जेवण. बाजरीची भाकरी, पावट्याची आमटी, ठेचा आणि वर वाफाळता इंद्रायणी भात. ह्या खोऱ्यातला भात खाल्ला की बाकीचे तांदूळ नुसते पोट भरायला आहेत असं वाटतं. आक्कांनी मला शेजारी बसवलं आणि त्या खाचेच्या पेल्यातनं मला ताक दिलं. मी प्यायले. मग आक्कांनी त्याच पेल्यात स्वतःला घेतलं.

संध्याकाळी नदीवर गेलो. पाणोठे आता ओळखू येत नाहीत, वरचा कुठला, खालचा कुठला. गुत्त्याच्या जागी मोबाईलचं दुकान. तिथल्या पोरीला मी म्हटलं, "इथं आमच्या सासूबाईंनी पेला उचलला होता." ती म्हणाली, "आजी, कव्हर दाखवू का मोबाईलचं?" घेतलं एक, जांभळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळवणला गेलो तांदूळ आणायला. पौडच्या पुढं उजवीकडं विचारत जा, लोक सांगतात. डोंगरांच्या मध्ये खाचरं, आणि मध्येमध्ये पुण्याच्या लोकांची मोठी कुंपणं. फाटकाबाहेर फुलं सुंदर, आत माणूस नाही. एका खळ्यावरच्या बाईनं झोडलेल्या भातातनं ओंजळभर दाणे माझ्या पदरात टाकले, "नात हाय का? तिला दावा, भात असा असतोय." प्राजूनं त्याचा फोटो काढला. घरी दहा किलो घेऊन आलो, तो वेगळा.

निघायच्या वेळी खरा तिढा. यमुनाआक्का म्हणाल्या, "खाचेचा ने. तुझ्या सासूनं आतला नेला, त्यो तडकला. आता ह्यो तुझा." विलासरावांचं तोंड बघवेना. त्यांच्याकडं तसला तो एकच. पण आईपुढं बोलायची टाप नाही.

प्राजू मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजी, आपल्यासाठी वेगळा ठेवलेला पेला आपण बाळाला का लावायचा?"

मी म्हटलं, "लावायला हरकत नाही. त्यानं काही कुणाचं बिघडलं नाही, बघ ना विलासरावांकडं." पण मग मी विचार केला. घरी नेला तर माझ्या कपाटात बसेल. इथं राहिला तर ताम्हिणीला जाणारा-येणारा वाचेल. मी आक्कांना म्हटलं, "हा इथंच राहू द्या. आणि माझा तडकलेला त्याच्या शेजारी ठेवा. आतला आणि बाहेरचा, एका फळीवर." विलासरावांनी असा श्वास सोडला की वरच्या बाटल्या हलल्या असतील. त्यांनी चारातला एक धडका पेला पुसून, भाताच्या पेंढ्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. आणि नवी चिठ्ठी लिहायला कागद घेतला.

"काय लिहू ताई?"

मी म्हटलं, "द्या इकडं." मी स्वतः लिहिली. अक्षर वाकडं आहे, गेलात तर हसू नका. दोन्ही पेल्यांना मिळून एकच चिठ्ठी आहे: एक आतला, एक बाहेरचा, दोन्ही औषधाचे.

येताना भूगावला पुन्हा अडकलो. पेला मांडीवर धरून बसले होते, जसं काही तेच बाळ.

पुढच्या रविवारी विहारात नामकरण झालं. वंदना झाली, पंचशील घेतलं, आणि मी ते शब्द म्हणताना पेल्याकडं बघत होते. वाटलं होतं, जीभ अडखळेल. अडखळली नाही. आमच्या घरात दारूला न शिवण्याचं व्रत ज्यानं आणलं, तोच तो. बाळाचं नाव सोनलनं आधीच ठरवलेलं, पण पौडची गोष्ट ऐकल्यावर तिनं बदललं. सरिता ठेवलं. सरू म्हणून हाक मारता येते, आणि नदीचंही होतं.

अमोल पेला घेऊन स्वयंपाकघराकडं निघाला तेव्हा आम्ही तिघी एकदम ओरडलो. कोमट पाण्यानं धुतला मग. सोनलच्या दुधाचा एक थेंब. सरूनं ओठ चाटले आणि तोंड असं वाकडं केलं, अगदी पणजोबांसारखं, म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं, आणि त्यात तर कडुलिंबही नव्हता.

आमच्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "कशावरचं औषध हो आजी?" एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आणि आत्ता मला उत्तर येत होतं! मी तिथंच सगळी गोष्ट सांगितली. जेवणं थंड झाली, पण कुणी उठलं नाही.

घरी आल्यापासून एकच मनात येतं. आत्यांनी आम्हाला हे कधी का सांगितलं नाही? मी त्यांची सून, त्यांचे पाय चेपलेत, शेवटचं पाणी पाजलंय. मला वाटतं, त्यांनी लपवलं नाही. दिलेली जबानी बदलायची नाही, बस्स. ज्या बायांनी एकमेकींना शब्द दिला, त्यातली एक जरी बोलली असती तर बाकीच्या फसल्या असत्या. म्हणून मरेपर्यंत एकच वाक्य. यमुनाआक्काही आत्ता बोलल्या ते सरीची सून दारात उभी राहिली म्हणून.

मी मात्र जगाला सांगून मोकळी झाले, प्राजूनं काढून दिलेल्या ब्लॉगवर. चालायचंच. पण उद्या दारात फौजदार आला, तर सरूला मांडीवर घेईन आणि सांगेन, औषधाचा पेला हाय, सायेब.